मृगाआधी खत हवं असेल, तर ढीग या आठवड्यात रचा

बाजारहत्नूर आणि आसपासच्या गावांतल्या, तांड्यांवरच्या, गुड्यांमधल्या बाया-माणसांनो,

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं. पालापाचोळ्याचं आणि घरच्या कचऱ्याचं चांगलं खत व्हायला ९० ते १२० दिवस लागतात. आता उलटं मोजा. १२० दिवस मागे गेलं की फेब्रुवारीचा पहिला आठवडा येतो, ९० दिवस मागे गेलं की मार्चचा दुसरा. आपण नेमके या दोन तारखांच्या मधे आहोत. केस्लापूरची नागोबाची जत्रा होऊन गेली, महाशिवरात्र आली, शिमगाही दूर नाही. या दिवसांत रचलेला ढीग पेरणीच्या वेळी खत होऊन हाती येतो. एप्रिलमध्ये रचलेला ढीग पहिल्या पावसात अर्धाकच्चा भिजत पडतो. म्हणून हे आवाहन आजच, आणि घाईनं.

घाईचं दुसरंही कारण आहे. सध्या सागाची पानं गळताहेत, पळस ओका-बोका होतोय, कडुनिंबाखाली रोज टोपलंभर पाला पडतोय. तुरी निघाल्या, तुराट्या बांधावर पडल्या आहेत. कापसाची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटणं सुरू आहे. सोयाबीनचं कुटार खळ्याच्या कडेला तसंच आहे. वर्षभरात खताचा एवढा माल एकाच वेळी फुकट मिळण्याचे हेच दीड-दोन महिने, आणि नेमके याच दिवसांत आपण तो पेटवतो. पहाटे अंगण झाडायचं, पाला कोपऱ्यात सारायचा, काडी लावायची. त्यात गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पलही जाते. तो धूर गल्लीतून सरपटत शेजारच्या घरातल्या तान्ह्या लेकराच्या नाकात शिरतो. दम्याच्या म्हाताऱ्याला विचारा, या दिवसांत त्याची सकाळ कशी जाते. प्लास्टिक पेटलं की त्यातून निघणारे वायू नुसता खोकला आणून थांबत नाहीत, ते विषारी असतात. उरते ती मूठभर राख. पाल्यातलं नत्र आणि कर्ब आभाळात गेलेलं असतं.

माझी पहिली विनंती एवढीच, की आजपासून पाला पेटवू नका. पुढचं काही जमलं नाही तरी चालेल, हे एक पाळा. झाडलेला पाला पोत्यात भरून ठेवला तरी तो कुठं जात नाही, दोन महिन्यांनीही कामाला येतो.

मोहाच्या झाडाखालची आग याहून मोठी. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला की फुलं नीट दिसावीत, वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची रीत आहे. ती आग कित्येकदा झाडाखाली राहत नाही, वाऱ्यावर रानात शिरते. रोपं जळतात, सरपटणारे जीव जळतात, गवत जळतं, आणि मग मे महिन्यात ढोरांना तोंड लावायला काही उरत नाही. आपल्या बांधावरच्या, वाडीतल्या मोहाखाली पाला खराट्यानं ओढून बाजूला करा. तासाभराचं काम आहे. जागा तेवढीच स्वच्छ होते, फुलाला राख लागत नाही, आणि ओढलेला पाला पोत्यात भरून घरी आणता येतो. 

आता खताची गरज किती, ते बोलू. २०२५ च्या खरिपात तेलंगणात युरियासाठी पहाटेपासून रांगा लागल्या. माणसांनी रांगेत चपला आणि पासबुकं ठेवून नंबर धरले. ते दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. घरच्या कंपोस्टनं ती रांग उद्या संपेल असं मी सांगणार नाही, कारण ते खरं नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं. चांगल्या कंपोस्टच्या शंभर किलोत साधारण एक किलो. दहा एकर कापूस परसातल्या ढिगावर पिकत नाही. पण आपल्या काळ्या जमिनीला जे कमी पडतंय ते नत्रापेक्षाही सेंद्रिय कर्ब आहे, आणि तो युरियाच्या गोणीत नसतो. माती परीक्षणाचा कागद घरात असेल तर काढून बघा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर त्यापुढे ‘कमी’ असं लिहिलेलं असतं. कर्ब कमी झाला की काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, पावसाळ्यात चिबडते, आणि टाकलेलं रासायनिक खतही पिकाला पुरतं लागत नाही, पाण्याबरोबर निघून जातं. वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा आपला जिल्हा, आणि तरी जानेवारीत हरभरा तहानतो. माती पाणी धरून ठेवत नाही, हे त्याचं एक मोठं कारण आहे.

म्हणून सुरुवात घरामागच्या परसापासून, सांदवाडीपासून करू. वांगी, टोमॅटो, मिरची, अंबाडी, पालक, दोडक्याचा वेल, शेवग्याचं झाड. एवढ्याला लागणारं सगळं खत घरच्या चुलीमागून आणि अंगणातून निघतं, त्यासाठी एक रुपया खर्च करावा लागत नाही. ज्या घरात हे एकदा जमेल, ते घर पुढच्या वर्षी शेताच्या बांधावरही ढीग रचेल, ही माझी खात्री आहे.

“उकिरडा तर आमच्याकडे आहेच की,” असं कोणी म्हणेल. आहे, आणि त्याचा मान मोठा आहे. दिवाळीत आपण उकिरड्यावरही पणती लावतो. पण आजचा उकिरडा आजोबांच्या वेळचा राहिलेला नाही. तेव्हा त्यात शेण, गोठ्यातली झाडलोट, चुलीची राख आणि उष्टं-खरकटं पडायचं. आज त्यात शॅम्पूच्या पुड्या, काचा, पाण्याचे पाऊच, गोळ्यांची पाकिटं, औषध फवारल्यानंतरचे रिकामे डबे पडतात. ढोरं कमी झाली, शेण कमी झालं. आणि उघड्यावर वर्षभर पडलेल्या ढिगाचं नत्र उन्हानं उडतं, पावसानं वाहून जातं. खरं सांगायचं तर आपण उकिरड्यावरून शेतात नेतो ती बरीचशी माती असते, तणाचं बी असतं आणि त्यात प्लास्टिकच्या चिंध्या. जमिनीत गेलेली पिशवी पाणी आणि मूळ दोन्ही अडवते.

शेण कमी आहे म्हणून खत होत नाही, या समजुतीला उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातून आलेलं आहे. पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात भरपूर खत करण्याची रीत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ती ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली आणि लोक त्यांना नाडेपकाका म्हणू लागले. जमिनीच्या वर विटांचं टाकं बांधायचं, आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत ठिकठिकाणी वीट सोडून भोकं ठेवायची, म्हणजे आत हवा खेळते. अशा एका टाक्यात १४०० ते १५०० किलो पालापाचोळा, धसकटं, काडीकचरा जातो, जवळजवळ पावणेदोन टन चाळलेली कोरडी माती जाते, आणि शेण लागतं फक्त ९० ते १०० किलो. शेण पाण्यात कालवून शिंपडायचं. थर रचत टाकं एक-दोन दिवसांत भरून संपवायचं, काठाच्या वर दीड फूट चढवायचं आणि शेणमातीनं लिंपून टाकायचं. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपायचं. लिंपणाला तडा दिसला की शेणकाल्यानं बुजवायचा. तीन ते चार महिन्यांत जवळपास तीन टन खत निघतं.

हा हिशेब पुन्हा वाचा. शंभर किलो शेण म्हणजे दोन-तीन जनावरांचं चार-पाच दिवसांचं शेण. त्यावर तीन टन खत. ज्यांच्याकडे बैलजोडी उरली आहे त्यांना, आणि ज्यांनी ट्रॅक्टर आल्यावर बैल विकले त्यांनाही, शेजाऱ्याकडून तेवढं शेण मागून हे करता येतं. शेतावर जागा आणि पाणी असेल त्या प्रत्येकानं निदान एक नाडेप टाकं यंदा बांधावं. विटा विकत घ्यायच्या नसतील तर पडक्या भिंतीच्या जुन्या विटा मातीत रचल्या तरी चालतात. तुराट्यांचा किंवा बांबूचा कूड उभा करूनही काम भागतं, तो एखाद-दोन वर्षं टिकतो.

घरचा ढीग याच रीतीचा, पण लहान. त्याला टाक्याची गरज नाही. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच एवढा ढीग कमीत कमी हवा. त्याहून लहान ढिगात ऊब धरत नाही आणि कुजायला जास्त वेळ लागतो. जागा सावलीची निवडा, आंब्याखाली किंवा गोठ्याच्या उत्तरेला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, उघड्यावरचा ढीग दोन दिवसांत वाळून कडक होतो. विहीर आणि बोअरपासून लांब, घराच्या भिंतीला लागून नको. काळ्या जमिनीत खोल खड्डा खणू नका. पाऊस लागला की त्यात पाणी साचतं, हवा कोंडते आणि दुर्गंधी सुटते. वीतभर खोल आळं पुरे.

तळाशी पऱ्हाट्या, तुराट्या आडव्या-उभ्या टाका, म्हणजे खालून हवा येईल. त्यावर वीतभर कोरडा पाला, कुटार, वाळलं गवत. सागाचं पान मोठं आणि चिवट असतं, तसंच टाकलं तर एकावर एक चिकटून त्याची थप्पी होते आणि आतून कोरडीच राहते. ते आधी पायानं तुडवून, रात्रभर पाण्यात भिजवून घ्या. त्यावर चार बोटं ओला माल: भाज्यांची देठं, साली, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, देवाची सुकली-ओली फुलं, निंदणाचं हिरवं गवत. गाजरगवत फुलावर यायच्या आधी उपटलेलं असेल तर बेशक टाका; फुलावर आलेलं नको. मग बादलीभर पाण्यात घमेलंभर शेण कालवून शिंपडा आणि वर मूठ-मूठ माती भुरभुरा. पुन्हा कोरडा, पुन्हा ओला, पुन्हा शेणकाला, पुन्हा माती. कोरडा माल ओल्याच्या दुप्पट-तिप्पट असावा, या एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. खरकट्याला वास येतो, माशा होतात अशी तक्रार ज्या-ज्या घरात असते तिथं बहुधा कोरडा पाला कमी पडलेला असतो. रोजचं ओलं टाकलं की त्यावर टोपलंभर पाला टाकायचा. म्हणून तर पाला पोत्यात साठवा असं वर सांगितलं. आज साठवलेली चार पोती पाला पावसाळाभर उपयोगी पडतात, कारण तेव्हा कोरडं काहीच मिळत नाही.

ओल बरोबर आहे का, हे हातानं कळतं. आतला मूठभर माल घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाणी जास्त झालं, कोरडा पाला मिसळा. थेंबच नाही आणि मूठ उघडताच माल सुटा पडला तर पाणी शिंपडा. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते हे मला माहीत आहे. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी ढिगावर टाका, साबणाचं नको. वर ओलं बारदान झाकून ठेवलं तर ओल बराच काळ टिकते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून थोडा वेळ ठेवा आणि बाहेर काढून हात लावा. हाताला चटका बसला तर आत काम सुरू झालं. ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. ही उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची आहे. तिच्यात तणाचं बी मरतं, किडींची अंडी आणि रोगाचे जंतू मरतात. सकाळी फावड्यानं वरचा थर सारला की वाफ उठते आणि पांढुरकी बुरशी दिसते. घाबरू नका, ती चांगली खूण आहे. सळई गार निघाली तर ढीग एक तर कोरडा आहे, नाही तर हवेविना कोंडला आहे. उपसून पुन्हा रचा आणि थोडा शेणकाला घाला.

ढीग साधारण पंधरा दिवसांनी पालटायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. पहिली पालट शिमग्याच्या सुमारास, दुसरी पाडव्याकडे, मग एप्रिलमध्ये एक-दोनदा. पालटताना हात घालायच्या आधी काठीनं किंवा सब्बलनं ढीग हलवा. विंचू, साप ऊब आणि ओल शोधत येतात, ही भीती खोटी नाही. अनवाणी पायानं, अंधारात, लेकरांच्या हातून हे काम करून घेऊ नका.

मेअखेर ढीग निम्म्यावर येतो. रंग काळपट-तपकिरी, हातात भुसभुशीत, पान-देठ ओळखू येत नाही, आणि वास पहिल्या पावसात मातीचा येतो तसा. तरी खात्री हवी असेल तर एका वाटीत हे खत भरून मेथीचे दाणे पेरा. चार-पाच दिवसांत ते जोमानं वर आले तर खत तयार आहे. रुजले नाहीत, पिवळे पडले तर अजून पंधरा दिवस थांबा. कच्चं खत मुळाशी घातलं तर रोप सोसत नाही. तयार खत वाळूच्या चाळणीनं चाळा, वरचा जाडाभरडा भाग नव्या ढिगात टाका. रोप लावताना खड्ड्यात दोन-तीन ओंजळी पुरेत.

काय टाकू नये, तेही स्पष्ट सांगतो. प्लास्टिक, काच, बॅटरीचे सेल, गोळ्या-औषधं, डायपर, पॅड यातलं काहीही ढिगात नको. मटणाची हाडं आणि तेलकट उरलंसुरलं नको, कुत्री ढीग उकरतात. रोगानं मेलेली झाडं नकोत. चुलीची राख चालते, पण मूठभर, टोपल्यानं नाही. आणि हे कापसाच्या गावात मोठ्यानं सांगायला हवं: कीटकनाशकाचा रिकामा डबा किंवा ड्रम कितीही धुतला तरी खतासाठी वापरायचा नाही, त्यात पाणी भरायचं नाही, तो ओढ्यावर न्यायचा नाही.

पऱ्हाट्यांचा विषय वेगळा आहे. त्यांवर राहिलेल्या कवड्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून त्या शेतात उभ्या ठेवू नयेत किंवा बांधावर रचून ठेवू नयेत हे कृषी खातं दरवर्षी सांगतं. मग लोक जाळतात. सरपणाला लागतील तेवढ्या न्या, बाकीच्या बारीक करून नाडेपच्या टाक्यात घाला. ढिगाच्या उष्णतेत अळी जगत नाही. अख्खी पऱ्हाटी वर्षभरात कुजत नाही, बोटभर तुकडे करावेच लागतात. एकट्या शेतकऱ्याला हे परवडत नाही. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून श्रेडर एक दिवस भाड्यानं आणला तर सगळ्यांचं काम उरकतं. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पऱ्हाट्यांच्या तुकड्यांपासून साधारण दोन महिन्यांत खत करण्याची रीत दाखवून दिली आहे. म्हणजे हे होत नाही असं म्हणायला जागा नाही.

लग्नसराई तोंडावर आहे. लग्न आमच्या घरचं असो की तुमच्या, पंगत उठल्यावर मांडवामागे जो ढीग दिसतो तो बघवत नाही. प्लास्टिकची ताटं आणि पेले यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी ती येतातच. चकचकीत अस्तराच्या कागदी पत्रावळींचंही खत होत नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ आपल्या भागात अजून बनते. ती बनवणाऱ्या बाईला चार पैसे मिळतात, आणि जेवण झाल्यावर पत्रावळ उरलेल्या भातासकट पाला-मातीच्या थरात घातली की तिचंही खत होतं. वधू-वरांच्या आईबापांना हात जोडून सांगतो, यंदा मांडवात पानाची पत्रावळच मांडा. आणि मांडवाच्या मागे एक आळं आधीच खणून, शेजारी पाल्याची पोती ठेवून द्या.

ग्रामपंचायतीकडे वळतो. २०१९ मध्ये तेलंगणात पल्ले प्रगती ही योजना सुरू झाली, गावोगावी ट्रॅक्टर आले, डंपिंग यार्ड आणि कचरा वेगळा करायच्या शेड उभ्या राहिल्या. ही साधनं आपल्या हाताशी आहेत. पण घराघरातून ओलं-सुकं एकत्र कालवून आलेला कचरा शेडमध्ये कितीही दिवस ठेवला तरी त्याचं खत होत नाही. तो निवडायला सफाई कामगाराला हात घालावे लागतात, काचेनं बोटं कापतात. त्याची मजुरी जेमतेम, आणि आपण त्याच्यापुढे सडकं अन्न आणि ब्लेड एकाच पिशवीत देतो. हे थांबवायला सरकारी आदेश लागत नाही, घरात दोन डबे लागतात. सरपंच, वॉर्ड सदस्य आणि पंचायत सचिव यांना विनंती आहे, की आठवडी बाजार उठल्यावर उरणारा भाजीपाला वेगळा गोळा करून थेट शेडवर न्यावा, त्याचं खत गावच्या रोपवाटिकेत वापरावं. भाजीवाल्या बायांनो, सडकी भाजी पिशवीसकट फेकू नका, नुसतं टोपल्यात टाका. हॉटेलवाल्या भावांनो, तुमच्याकडचा चहाचा चोथा आणि अंड्यांची टरफलं ही परसबागेच्या कामाची वस्तू आहे. मागायला कोणी आलं तर द्या.

शाळांच्या आणि आश्रमशाळांच्या गुरुजींना, बाईंना वेगळं सांगायला नको. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून रोज जी देठं-साली निघतात त्यांचा ढीग शाळेच्या कोपऱ्यात रचला, तर सातवी-आठवीच्या पोरांना विज्ञानाचा धडा हातानं शिकता येईल. आणि जिथं-जिथं ग्रामगीता वाचली जाते, त्या भजनी मंडळांनी यंदा ग्रामशुद्धीचा अध्याय वाचून झाल्यावर त्याच संध्याकाळी गल्लीतला पाला गोळा करावा, ही विनंती.

एक गोष्ट आपल्या गावापुरती नाही. कडेम नदी आपल्याच भागात उगम पावते. तिच्यावर पुढे कुंटाळ्याचा धबधबा आहे, त्याच्या पुढे कडेमचं धरण, आणि शेवटी ती गोदावरीला मिळते. आपण डोंगराच्या अंगाला, वरच्या बाजूला राहतो. ओढ्यात ढकललेली पिशवी, सडका कचरा, फवारणीचा डबा पहिल्या पुरात वाहून जातो आणि आपल्याला वाटतं गेला. तो खालच्या गावात पोचतो. तिथली ढोरं ते पाणी पितात, तिथल्या बाया त्या पाण्यात कपडे धुतात. आणि जो कचरा वाहून जात नाही, त्यातल्या पेल्यांत, पिशव्यांत, टायरांत पाणी साचून डास होतात. श्रावण-भाद्रपदात आपल्या एजन्सी भागात ताप-थंडी घरोघर कशी पसरते, हे सांगायची गरज नाही.

ज्यांच्याकडे परस नाही, भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांनीही सुटका करून घेऊ नये. जुनं प्लास्टिकचं पिंप किंवा फुटका माठ घ्या, बुडाला आणि कडेला भोकं पाडा, तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काड्या, मग एक थर पाला, एक थर ओलं, वर मूठभर माती किंवा शेजारच्या ढिगातलं अर्धवट झालेलं खत. हे विरजणासारखं काम करतं. पिंपात ऊब कमी धरते म्हणून वेळ जास्त लागतो, पण दोन कुंड्या तुळस आणि चार मिरचीची रोपं त्यावर सहज पोसतात. खताचा उपयोगच नसेल तर ओला कचरा वेगळा ठेवून ढीग असलेल्या शेजाऱ्याला द्या.

वेळ किती लागतो हेही सांगतो, कारण बाया दिवसभर राबतात आणि हे काम पुन्हा त्यांच्याच अंगावर पडेल अशी मला भीती आहे. रोजचं ओलं टाकून वर पाला पसरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. जड काम म्हणजे पहिला ढीग रचणं आणि पंधरा दिवसांनी पालटणं. ते घरातल्या पुरुषांनी, तरण्या पोरांनी करावं. हे मी मनापासून आणि स्पष्टपणे मागतो आहे. पोरांनो, एक सकाळ द्या.

येत्या रविवारपर्यंत प्रत्येक घरानं एवढं करावं: परसात तीन फुटांची जागा आखून आळं खणावं, पाल्याची निदान दोन पोती भरून ठेवावीत, चुलीजवळ ओल्यासाठी वेगळा डबा ठेवावा. रविवारी सकाळी ढीग रचा. सब्बल, फावडं, घमेलं ज्याच्याकडे आहे त्यानं शेजाऱ्याला द्यावं, ज्याच्या गोठ्यात शेण आहे त्यानं दोन घमेली काढून ठेवावीत. ढीग कसा रचायचा हे कळत नसेल तर ज्याचा रचून झाला असेल त्याला हाक मारा, आणि तुमचा झाला की पुढच्या घराला हात लावायला जा.